गाडीचं माहेर

गाडीला सासर-माहेर असतं, हे मला मिस्तरी आबांकडून कळलं. तोवर आम्ही दोघे भाऊ, एका जुन्या ट्रकचे मालक, असं समजत होतो की ट्रकला चाकं असतात, इंजिन असतं आणि पुढे बंपरला लिंबू-मिरची असते. बाकी त्याचं नातंगोतं काही नसतं.

आबांचं आवार जळगावहून धुळ्याकडे जाताना, एरंडोलच्या अलीकडे, हायवेला लागून होतं. एक मोठा निंब, त्याच्याखाली पत्र्याचं शेड आणि शेडच्या मागे दोन खोल्या. तिथं आबा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या अक्का, दोघंच राहायचे. मूलबाळ नव्हतं. आबा उंच, सुकलेले, मिशा मात्र भरघोस. अंगावर पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. मिस्तरीकाम करणाऱ्या माणसानं पांढरे कपडे घालावेत याला काय म्हणायचं? मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "बठ्ठा दिन आंडेरीस्मा उठनं-बसनं शे मन्हं. मळकट कपडा चालतीन का?" आमच्या बोलीत बठ्ठा म्हणजे सगळा आणि आंडेर म्हणजे मुलगी. संध्याकाळपर्यंत त्या धोतरावर ऑइलचे नकाशे उमटायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पांढरं होऊन यायचं. ते कसं व्हायचं हे अक्कांच्या हातांना विचारावं. आबांनी कधी विचारलं नाही.

या मुली म्हणजे ट्रक. सगळे नव्हेत, ज्यांच्या इंजिनाला आबांनी टर्बो बसवला तेवढेच.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेले नवे ट्रक रस्त्यावर दिसू लागले होते आणि चढावर आम्हाला धुरात सोडून पुढे जात होते. आमच्यासारख्यांकडे जुनी इंजिनं. मग कुठल्यातरी भंगारातून टर्बो पैदा करायचा आणि जुन्या इंजिनाला जोडायचा, असा उद्योग सुरू झाला. आबा टर्बोला फुंकणी म्हणत. चुलीत फुंकणीनं वारा घातला की जाळ वाढतो, तसं. पण जाळ वाढला की भांडंही तापतं. इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असतं. आग, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. फुंकणीचा जोर सोसला नाही की ते फाटतं, आग पाण्यात शिरते, रेडिएटर उकळ्या मारतो आणि ड्रायव्हर बादली घेऊन विहीर शोधत हिंडतो. आमच्याकडे त्याला सरळ "हेड गेलं" म्हणतात. ज्याचं हेड गेलं त्याचा सीझन गेला.

दुसरे मिस्तरी टर्बो बसवून मोकळे होत. आबा मुलगी देत. गाडी आवारातून निघताना अक्का तिच्या बंपरला हळदकुंकू लावत आणि आबा मालकाला बाजूला घेऊन उपदेश करत. ओझं बेतानं घाला. घाटात दामटू नका. उभी केल्याबरोबर इंजिन बंद करू नका, तिला जरा श्वास घेऊ द्या. त्या दिवसापासून मालक त्यांचा जवाई. पारोळ्याचे एक शेठ सत्तरीला आलेले, नातवंडांची लग्नं झालेली, पण आबांनी "या जवाई" म्हटलं की तेसुद्धा लाजायचे.

नवं गॅस्केट पहिल्या काही खेपांत बसतं आणि हेडचे बोल्ट सैल पडतात. म्हणून गाडी परत आणून बोल्ट आवळून घ्यायचे असतात. ते मालकाला सांगून कळतं, पण गाडी धंद्यावर गेली की कोण परत आणतो? मग आबा स्वतः न्यायला जात. सासरी गेलेल्या मुलीला माहेरी न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात. आबा मुराळी होऊन जात.

आमच्या ट्रकलाही त्यांनी टर्बो बसवला होता, म्हणून आमच्या घरी असेच आले. आम्ही पाचोऱ्याकडचे. वडील ओट्यावर बसले होते. पांढऱ्या टोपीतला अनोळखी पाहुणा समोर येऊन म्हणाला, "राम राम. मी मुराळी. आंडेरले न्यावाले उनू." भाऊचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं, नुकतंच लग्न झालं होतं आणि वहिनी अमळनेरची. वडिलांना वाटलं, सुनेच्या माहेरचं कुणी असेल. त्यांनी आत हाक मारली. वहिनी पदर सावरत आली, पाया पडली. हा गृहस्थ कोण ते तिला अजिबात ठाऊक नव्हतं, पण माहेरी न्यायला आलेल्या माणसाची उलटतपासणी कोण करतं? ती आत जाऊन पिशवी भरायला लागली.

पुरणपोळीचं जेवण झालं, आबांना टोपी-उपरणं झालं, आणि भाऊ आणि मी शेतातून आल्यावर उलगडा झाला. वडिलांनी कपाळाला हात लावला. आबांना त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही. इकडे वहिनी भरलेली पिशवी खाली ठेवायला तयार होईना. शेवटी भाऊनं गाडी आबांच्या ताब्यात दिली आणि वहिनीला एसटीत बसवून दिलं. दोघी एकाच दिवशी माहेरी गेल्या. गाडी आधी परत आली.

गाडी दुखणं घेऊन आली की आबांची तपासणी बघण्यासारखी असे. मालक आणि ड्रायव्हर सांगायला लागले की ते हात वर करून थांबवत. "सासरना माणसं खरं सांगतस का कधी? माले तिले इचारू द्या." मग ते गार इंजिन चालू करायला लावत आणि रेडिएटरचा वरचा रबरी पाइप मुठीत धरून डोळे मिटून उभे राहत. पाइप मऊ राहिला तर बरं, गार असतानाच टणक झाला तर आत काहीतरी शिरलं. रेडिएटरला नाक लावून धुराचा वास येतो का ते बघत. ऑइलची पट्टी काढून बघत. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी तेलात. या सगळ्या वेळात आवारात कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. निंबावरच्या कावळ्यांनाही ते दटावत.

शेवटची आणि पक्की परीक्षा फुग्याची. रात्रभर गार झालेल्या गाडीचा रेडिएटर काठोकाठ भरायचा, झाकणाच्या जागी फुगा ओढून बांधायचा आणि इंजिन चालू करायचं. फुगा लुळा पडून राहिला तर सगळं ठीक. टुम्म फुगला तर हेड उघडा. आता रेडिएटरच्या तोंडावर बसेल एवढा ताणणारा फुगा आमच्या बाजारात मिळत नसे. तो सरकार फुकट देत असे, आरोग्य उपकेंद्रात, कुटुंबनियोजनासाठी.

आबा तिथून पाकिटं आणत. सिस्टरबाई नव्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर वरून टार्गेटचा बडगा. गावातले तरणे गडी त्यांना बघून गल्ली बदलत, आणि हा पांढऱ्या टोपीतला साठीचा माणूस चारचौघांत येऊन सांगे, "बाई, जरा जास्तीचं द्या. ह्या हप्तामा काम फार शे." बाईंना भरून यायचं. एक दिवस त्या स्वतः आवारात आल्या आणि सगळ्यांदेखत अक्कांना म्हणाल्या, "तुमच्या मालकांसारखी माणसं गावोगाव हवीत हो. इतका जागरूक पुरुष मी बघितला नाही."

अक्कांना आधी कळेना. बाईंनी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं तेव्हा कळलं. "माय वं!" म्हणून त्या अशा हसल्या की हातातली परात खाली पडली. ड्रायव्हर हसले, क्लीनर हसले, गिऱ्हाइकं हसली. आबा एका गाडीखाली जाऊन आडवे झाले होते आणि हाका मारूनही बाहेर येईनात. हसता हसता अक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि आत गेल्या, त्या दिवसभर बाहेर आल्या नाहीत. लेकरासाठी जिनं एकही देव सोडला नाही, तिचं असं कौतुक व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. आजही आठवलं की आधी हसू येतं आणि मग ते तोंडातच राहतं.

त्यानंतर आबा उपकेंद्राकडे फिरकले नाहीत. सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधून बघत, ते धड बसत नसत. पुढे अक्का मुक्ताईनगरच्या यात्रेला जाऊन आल्या. आल्यावर त्यांनी पिशवीतून प्रसाद काढला आणि प्रसादाखालून जाड रबराच्या मोठ्या फुग्यांचा पुडा काढला. लाल, हिरवे, पिवळे. तो आबांपुढे ठेवून म्हणाल्या, "आपली आंडेरनं काम शे. सरकारकडे कसाले मांगतस?" ट्रकला "आपली" त्या तोवर कधी म्हणाल्या नव्हत्या. आबांनी पुडा सदऱ्याच्या खिशात घातला आणि दिवसभर वरचेवर चाचपून बघत राहिले.

आता आबांच्या शपथेची गोष्ट. धुळ्यात आणखी एक नामी मिस्तरी होते. जुन्या इंजिनाला टर्बो लावणं हा शुद्ध गाढवपणा आहे, आज ना उद्या हेड जाणारच, असं त्यांचं मत, आणि ते मत ते कुणी न विचारता सांगत. एका लग्नाच्या पंगतीत दोघं समोरासमोर आले आणि जुंपली. आबांनी हातातली जिलबी ताटात ठेवली आणि उठून उभे राहिले. "मन्ही एक बी आंडेरनं हेड गयं ना, त्या दिनपाईन मी पानाले हात लावाव नही." पाना सोडायचा म्हणजे मिस्तरीकामच सोडायचं. पंगत थांबली, वाढपी थांबले. जळगाव ते धुळे सगळ्या हायवेला ही शपथ ठाऊक झाली. आबांच्या कुठल्याही मुलीनं रस्त्यात जरा पाणी मागितलं की लोक माना लांब करून बघायला लागले.

आणि पाणी मागितलं ते नेमकं आमच्या गाडीनं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आखाजीला आमच्या खानदेशात झाडून साऱ्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, सांजोऱ्या खातात. आबांच्या मुलीही तेव्हा आवारात येत, त्यांचे रेडिएटर धुऊन निघत. आमचा ड्रायव्हर धुळ्याला माल उतरवून परत निघाला आणि गावाबाहेर येतो न येतो तोच इंजिनाच्या तापाचा काटा वर चढला. कुणीतरी त्या धुळ्याच्या मिस्तरींना बोलावून आणलं. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बुडबुडे बघितले आणि त्यांचा चेहरा उजळला. "हेड गेलं. उघडू का?" ड्रायव्हर म्हणाला, "आबाले इचारल्याबिगर नही." तो पाणी ओतत, थांबत थांबत निघाला. मागून स्कूटरवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, भर उन्हात धुळ्याचे मिस्तरी. एवढा खटाटोप फक्त आबांचा पाना खाली पडताना बघण्यासाठी.

मला निरोप मिळाला तसा मी एसटीनं पोचलो. गाडी तापलेली, म्हणजे परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळीच. धुळ्याचे मिस्तरी म्हणाले, थांबतो. अक्कांनी त्यांना शेवभाजी आणि कळण्याची भाकरी पोटभर वाढली, शेडमध्ये खाट टाकून दिली. नवऱ्याची फजिती बघायला आला असला तरी पाहुणा तो पाहुणा.

सकाळी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. पारोळ्याचे शेठ जवाई खुर्ची टाकून बसले होते. आबांनी आंघोळ करून नवं धोतर नेसलं होतं. आमचा ड्रायव्हर त्यांच्या मागे मागे फिरत होता. "आबा, आयकी ल्या ना. हवा भराले येळ लागस..." मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात, सकाळी ती हवा टाकीत भरली की मगच गाडी हलते. पण आबांनी हात वर केला. "तू सासरना माणूस. गप बस."

फुगा हिरवा होता. आबांनी तो बांधला, इंजिन चालू झालं. फुगा जरासा हलला. मग मान वर काढली. मग सगळ्यांच्या देखत टुम्म होऊन उभा राहिला, यात्रेतल्यासारखा. धुळ्याचे मिस्तरी पुढे आले. "मिस्तरी, फुगा तुमचाच. आम्ही काय बोलावं?"

आबांनी इंजिन बंद करायला सांगितलं. हात धुतले. सगळे पाने पुसून एका जुन्या धोतरात बांधले आणि ते बोचकं ठेवून द्यायला अक्कांपुढे धरलं. "ठी दे." आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. नवं गॅस्केट काय, कुणीही टाकून दिलं असतं. पण या माणसाच्या हातातून पाना गेला तर मागे उरणार काय? दोन खोल्या आणि रोज पांढरं होणारं धोतर.

अक्कांनी बोचकं घेतलं नाही. त्या गाडीजवळ गेल्या, लुळ्या होत चाललेल्या फुग्याकडे बघितलं आणि वळून विचारलं, "काय व्हयनं तिले?"

"रडी ऱ्हायनी," आबा मान न उचलता म्हणाले. "हेडनं काम शे."

"आंडेर सासरले रडी ऱ्हायनी म्हणजे नवराच तरास देस का?" अक्का कडाडल्या. "घरमा जेठानी नही का?"

जेठानी म्हणजे मोठी जाऊ. गर्दीतलं कुणीतरी फिसकन हसलं. आबा हसले नाहीत. ते अक्कांकडे बघत राहिले, मग गाडीकडे, आणि मग ताडकन उठले.

"तू हवानं काय सांगी ऱ्हायंता रे?"

"कालदिनपाईन सांगी ऱ्हायनू, आबा!" ड्रायव्हर रडकुंडीला आला होता. "हवा भरसच नही. गाडी लवकर हालत नही."

त्या गाडीला हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या कुशीलाच बसवलेला होता, आणि तो तापू नये म्हणून त्यालाही इंजिनाचंच पाणी दिलेलं. एका घरातल्या दोघी, एकाच रांजणातलं पाणी पिणाऱ्या. कॉम्प्रेसरचं स्वतःचं छोटं हेड, स्वतःचं छोटं गॅस्केट. ते फाटलं तर हवा टाकीत जायच्याऐवजी पाण्यात शिरणार, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे अगदी तसेच दिसणार.

आता कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या काढून बघायचं, एवढंच. पण आबा पान्याला हात लावेनात. शपथ म्हणजे शपथ. फुगा फुगलेला सगळ्यांनी बघितला होता. त्यांनी बोचकं उचललं आणि धुळ्याच्या मिस्तरींपुढे धरलं. "पाहुना, तू खोल."

धुळ्याच्या मिस्तरींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. अक्कांची भाकरी पोटात होती. नाही म्हणायची सोय नव्हती. बिचारे गाडीखाली शिरले, घामाघूम होऊन कॉम्प्रेसरच्या दोन्ही नळ्या काढल्या आणि पाण्याची वाट एका पाइपच्या तुकड्यानं आपसांत जोडून दिली. कॉम्प्रेसर पाण्यापासून वेगळा झाला. रेडिएटर पुन्हा भरला. या वेळी फुगा अक्कांनी दिला, लाल. आबांनी नाही, अक्कांनीच बांधला.

इंजिन चालू झालं. आम्ही सगळे त्या लाल फुग्याकडे बघत होतो. शेठ जवाई खुर्चीवर उभे राहिले होते. फुगा इंजिनाबरोबर नुसता थरथरत होता, पण पडलेला होता तसाच पडून राहिला. आबांनी वरचा पाइप मुठीत धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. अक्कांनी फुग्याला बोटानं टोचून बघितलं.

"सुखी शे," त्या म्हणाल्या.

मग जो गलका झाला तो हायवेवरच्या गाड्यांनाही ऐकू गेला असेल. कॉम्प्रेसरचं हेड उघडलं तर गॅस्केट चांगलं बोटभर फाटलेलं. धुळ्याच्या मिस्तरींनी ते उन्हात धरून सगळ्यांना दाखवलं, आणि माणूस दिलदार, स्वतःच मोठ्यानं हसला. पाना पुसून त्यानं आबांच्या हातात दिला. आबांनी तो कपाळाला लावला आणि पहिलं काम काय केलं, तर आमच्या ड्रायव्हरला जवळ ओढून त्याच्या पाठीत धपाटा घातला. "नीट मोठ्यानी सांगानं ना मंग!"

ड्रायव्हरचं ऐकायचं नाही हा नियम त्या दिवसापासून सुटला, असं मी म्हणणार होतो, पण सुटला नाही. एवढाच फरक पडला की कुठल्याही गाडीचा फुगा फुगला की आबा पाना खाली ठेवत आणि "पाणी पिऊन येतो" म्हणून घरात जात. परत येत तेव्हा मिशांना पाण्याचा थेंबही लागलेला नसे. आत अक्कांना विचारून आलेत, हे आम्हाला कळायचं. आखाजीला गाड्या रांगेनं उभ्या राहत, प्रत्येकीच्या रेडिएटरवर एकेक लुळा रंगीत फुगा, आणि अक्का सांजोऱ्यांचं ताट घेऊन रांगेतून जाताना एकेकीला बोट लावून म्हणत जात, "सुखी शे. सुखी शे."

आबा गेले ते हिवाळ्यात, झोपेतच. पाना त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता. पुढच्या आखाजीला माझा पाय निघेना. बोल्ट कोण आवळणार, रेडिएटर कोण धुणार? शेडला कुलूप होतं. पण सकाळी वहिनी पिशवी भरून अमळनेरला निघाली आणि जाता जाता मला म्हणाली, "मी चालले. तिला का कोंडून ठेवलंय?" मी गाडी काढली.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या. मी खाली उतरून पाया पडलो. त्या उठल्या, आत गेल्या आणि पुड्यातला एक पिवळा फुगा घेऊन आल्या. इंजिन गार व्हायला आम्ही निंबाखाली बसून राहिलो, रात्रभर नाही तरी ऊन कलेपर्यंत. मग मी रेडिएटर भरला, त्यांनी फुगा बांधला, मी इंजिन चालू केलं. आबा जसा धरायचे तसा त्यांनी वरचा पाइप मुठीत धरला आणि डोळे मिटले. मी कॅबिनमधून त्यांच्याकडे बघत होतो.

"सुखी शे," त्या म्हणाल्या. मग डोळे उघडून त्यांनी गाडीच्या कुशीकडे, कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं आणि काळजीनं विचारलं,

"आनि जेठानी?"

"तीबी बरी शे, अक्का," मी म्हणालो. "आते दोन्हीस्नं पटस."